पॉवरलाइन अडॅप्टर अडला की तपासणी कुठून सुरू करायची

राउटर हॉलमध्ये, काम मागच्या खोलीत, आणि मध्ये दोन नऊ इंची भिंती नाहीतर एक स्लॅब. वाय-फाय तिथवर पोहोचत नाही आणि भाड्याच्या घरात भिंत खोदून केबल टाकायची सोय नाही. अशा ठिकाणी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी चांगलं काम करते. एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा मागच्या खोलीत, दोन्हीकडे लॅन केबलचा छोटा तुकडा. मधला प्रवास घरातल्या विजेच्या वायरीतून होतो.

नीट बसली तर ही जोडी वर्षानुवर्षं लक्ष मागत नाही. अडली की मात्र लोक दिसेल ते बटण दाबत सुटतात आणि शेवटी अडॅप्टर खराब म्हणून परत करतात. बहुतेक वेळा अडॅप्टर धडधाकट असतो. दोष असतो तो कुठल्या सॉकेटमध्ये लावला यात, किंवा त्या सॉकेटपासून डीबीपर्यंतच्या (घरातल्या सगळ्या लाइन जिथून निघतात त्या फ्यूज-स्विचच्या पेटीपर्यंतच्या) वाटेत. म्हणून तपासणी क्रमानं करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

वायरीत नेमकं काय चालतं

घरातली वीज ५० हर्ट्झची. अडॅप्टर त्याच वायरीवर त्याहून हजारो पट वरच्या वारंवारतेचा सिग्नल चढवतो. होमप्लग एव्ही नावाच्या मानकाच्या अडॅप्टरमध्ये तो साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झ असतो, एव्ही२ मध्ये ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. विजेची वायर या कामासाठी बनलेली नाही, त्यामुळे सिग्नलला दोन गोष्टी नडतात.

पहिली म्हणजे गोंगाट. स्वस्त चार्जर, एलईडी ट्यूबचा ड्रायव्हर, बीएलडीसी पंखा, इन्व्हर्टर एसी, मिक्सरची मोटर ही सगळी उपकरणं वायरीत खरखर सोडतात. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे सिग्नल गिळला जाणं. टीव्ही, चार्जर, यूपीएस, स्पाइक गार्ड यांच्या आत फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये फिल्टरचा कपॅसिटर असतो. ५० हर्ट्झच्या विजेवर त्याचा परिणाम नगण्य, पण मेगाहर्ट्झमधल्या सिग्नलला तो जवळजवळ शॉर्ट. म्हणूनच टीव्ही रिमोटनं बंद केला तरी तो सिग्नल खात राहतो. सॉकेटचं बटण बंद केल्यावरच तो वाटेतून बाजूला होतो.

अंतराचंही तसंच. आपल्याकडे वायरिंग कन्सील्ड असतं आणि बहुधा प्रत्येक खोलीची लाइन डीबीतून वेगळी निघते. भिंतीच्या अलीकडचं आणि पलीकडचं सॉकेट एकमेकांपासून एक हात लांब दिसतं, पण सिग्नल एका खोलीतून डीबीपर्यंत जाऊन परत दुसऱ्या खोलीत येतो. ही वाट सहज २५-३० मीटरची होते. कंपनी खोक्यावर ३०० मीटर लिहिते ते मोकळ्या, स्वच्छ वायरीसाठी.

पायरी १ : दोघांना शेजारी बसवा

दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत आणा आणि जवळजवळच्या दोन सॉकेटमध्ये लावा. दोन सॉकेट नसतील तर या चाचणीपुरता साधा एक्स्टेंशन बोर्ड चालेल. त्यावर स्पाइक गार्ड किंवा सर्ज असं काही लिहिलेलं नको. एका अडॅप्टरला राउटर, दुसऱ्याला लॅपटॉप जोडा आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. हे विसरलं की सगळी चाचणी वाय-फायवरच होते आणि निष्कर्ष चुकतो.

अडॅप्टरवर साधारण तीन दिवे असतात: पॉवर, पॉवरलाइन (बहुधा घराचं चित्र) आणि इथरनेट. तिन्ही लागले आणि इंटरनेट चाललं तर अडॅप्टर चांगले आहेत, दुसऱ्या पायरीतली जुळवणी करून तिसऱ्या पायरीवर जा.

पॉवरचा दिवाच लागत नसेल तर आधी सॉकेटचं बटण बघा. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं, आणि झाडूपोछा करताना किंवा रात्री निजानीज करताना कोणीतरी ते सवयीनं बंद करतं. त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवणं हा साधा आणि पक्का उपाय.

इथरनेटचा दिवा नसेल तर केबल बदला, पलीकडचं यंत्र सुरू आहे ना ते बघा. पॉवरचा दिवा अधूनमधूनच मंद लुकलुकत असेल तर अडॅप्टर झोपलेला आहे: जोडलेला कॉम्प्युटर बंद असला की अनेक मॉडेल ५ मिनिटांनी वीज वाचवायला झोपतात. कॉम्प्युटर चालू केला की जागे होतात. हा बिघाड नव्हे.

पॉवर आणि इथरनेट दोन्ही आहेत, पण पॉवरलाइनचा दिवा नाही? म्हणजे दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.

पायरी २ : जोडी नव्यानं जुळवा

पेअर असं लिहिलेलं बटण पहिल्या अडॅप्टरवर साधारण १ सेकंद दाबून सोडा. दिवा लुकलुकू लागेल. २ मिनिटांच्या आत दुसऱ्याचं बटण तसंच १ सेकंद दाबा. मिनिटभरात दोन्हीकडचे पॉवरलाइनचे दिवे लागून राहायला हवेत.

नवख्यांची चूक इथे होते. जोरात आणि बराच वेळ दाबलं तर जोडी घट्ट बसेल असं वाटतं. घडतं उलटं: बटण साधारण १० सेकंद दाबून धरलं की बऱ्याच मॉडेलमध्ये अडॅप्टर जुनी किल्ली (जोडीतला डेटा इतरांना वाचता येऊ नये म्हणून वापरलेला गुप्त संकेत) टाकून जोडीतून बाहेर पडतो. तुमच्या मॉडेलचे नेमके सेकंद पुस्तिकेत बघून घ्या. गोंधळ वाढला असेल तर मुद्दाम हेच करा: दोघांनाही १० सेकंद दाबून मोकळं करा, मग १ सेकंदवाली जुळवणी पहिल्यापासून. तिसरा अडॅप्टर जोडायचा असेल तेव्हा आधीपासून चालू असलेल्यापैकी एकाचं बटण दाबा, मग नव्याचं.

खोक्यातून काढलेले अडॅप्टर न जुळवताही चालतात, कारण कारखान्यातून सगळ्यांना तीच किल्ली घातलेली असते. तरीही जुळवणी कराच. सोसायटीत सगळ्यांचे मीटर खाली एकाच मीटर रूममध्ये असतात आणि सिग्नल मीटरपाशी पूर्ण थांबत नाही. शेजाऱ्याकडे त्याच किल्लीचे अडॅप्टर असतील तर तुमचं नेटवर्क त्याच्या घरात उघडं पडू शकतं. जुळवल्यावर तुमच्या जोडीला वेगळी किल्ली मिळते.

काही केल्या जुळत नसतील तर जात तपासा. होमप्लग एव्ही आणि एव्ही२ एकमेकांशी बोलतात, कंपनी वेगळी असली तरी. पण जी.एचएन ही वेगळी जात आहे. डेव्होलोची मॅजिक मालिका किंवा टीपी-लिंकचा पीजी२४०० या जातीचे; ते होमप्लगवाल्याशी कधीच जुळणार नाहीत. शिवाय दोन्ही जाती एकाच घरात लावल्या तर एकमेकांच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करतात.

पायरी ३ : एक मुक्काम पुढे

शेजारी-शेजारी चालले की दुसरा अडॅप्टर थेट मागच्या खोलीत नेऊ नका. आधी त्याच खोलीतल्या दुसऱ्या भिंतीवर, मग शेजारच्या खोलीत, मग पुढे. प्रत्येक ठिकाणी पिंग (राउटरला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालवून बघा: विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग हा शब्द इंग्रजीत लिहा, जागा सोडून राउटरचा पत्ता (तो राउटरच्या खाली चिकटवलेला असतो) आणि पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह व इंग्रजी टी. आकडे सतत येत राहतील. चांगल्या जोडणीत ते साधारण २ ते ५ मिलिसेकंद असतात. मध्येच ५०-१०० वर उडी मारत असतील किंवा टाइम्ड आउट दिसत असेल तर वाट खराब आहे.

कंपनीचं ॲप किंवा सॉफ्टवेअर असेल, जसं टीपी-लिंकचं टीपीपीएलसी, तर त्यात दोन अडॅप्टरमधला वेगही दिसतो. तो आकडा वायरीवरचा कच्चा वेग आहे. प्रत्यक्ष हाती पडतो तो फार तर त्याच्या निम्मा, कारण येणं आणि जाणं एकाच वायरीवर आळीपाळीनं चालतं आणि चुकलेला डेटा पुन्हा पाठवावा लागतो. खोक्यावरच्या ६०० किंवा १००० या आकड्यांचा तर घरातल्या वेगाशी फारसा संबंध नाही. एव्ही६०० वर्गातल्या पुष्कळ अडॅप्टरला लॅनचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं. वायर कितीही चांगली असो, त्यापुढे जाणं नाही. गिगाबिट पोर्ट असूनही वेग ९०-९५ वर अडत असेल तर लॅन केबलवर संशय घ्या. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. एक तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते.

ज्या मुक्कामावर आकडे एकदम घसरले, तिथे दोष शोधायचा.

सॉकेट आणि पिन

अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. सगळ्यात जास्त घरं याच एका बदलानं सुटतात. स्पाइक गार्डमध्ये सर्ज दाबणारे भाग आणि बऱ्याचदा फिल्टरही असतो, म्हणजे सिग्नल अडवणं हेच त्याचं काम. यूपीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये लावलं तर त्याहून वाईट. राउटर खुशाल यूपीएसवर ठेवा, पण अडॅप्टर भिंतीत लावा आणि दोघांना लॅन केबलनं जोडा.

मग पिन. दुबईहून किंवा लंडनहून नातेवाइकांनी आणलेल्या अडॅप्टरला तीन चौकोनी पिना असतात. आपण त्यावर कन्व्हर्टर प्लग लावतो, तो सॉकेटमध्ये सैल बसतो, आणि अडॅप्टरच्या वजनानं खाली झुकतो. संपर्क एकदा लागतो, एकदा सुटतो; जोडणी दर काही मिनिटांनी तुटायचं हे हमखास कारण. लावताना चरचर आवाज येत असेल किंवा कन्व्हर्टर गरम होत असेल तर तो लगेच काढा, तिथे आग लागू शकते. चांगला, घट्ट, अर्थिंगची पिन असलेला कन्व्हर्टर घ्या. अडॅप्टर अमेरिकेतून आला असेल तर लावण्याआधी मागच्या चिठ्ठीवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा. फक्त ११०-१२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल.

अर्थिंगचा संबंध वेगाशीही आहे. एव्ही२ चे मिमो प्रकारचे अडॅप्टर फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग या तिन्ही वायरी वापरतात. जुन्या वाड्यात किंवा चाळीत तिसरी पिन नुसती दाखवायला असते, मागे अर्थिंगची वायरच नसते. अडॅप्टर तेव्हाही चालतो, पण दोन वायरींवर आणि कमी वेगात. अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्या. इंटरनेटपेक्षा घरातल्या माणसांसाठी ते जास्त गरजेचं आहे.

गोंगाट करणारं उपकरण कसं पकडायचं

पिंग चालू ठेवा. ज्या बोर्डावर अडॅप्टर आहे त्या बोर्डावरचं बाकी सगळं काढा: मोबाइल चार्जर, सेट-टॉप बॉक्स, मच्छर मारायचं मशिन. सुधारलं तर एकेक परत लावत जा.

नाही सुधारलं तर डीबीकडे जा. डीबीचं झाकण उघडायचं नाही, फक्त एमसीबीचे (प्रत्येक लाइन तोडणाऱ्या स्विचचे) खटके वापरायचे. चालू कॉम्प्युटर आधी नीट बंद करा. दोन्ही अडॅप्टरच्या लाइन सोडून बाकीचे एमसीबी एकेक करून खाली करा आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिट आकडे बघा. एखादा खटका खाली करताच आकडे सुधारले तर दोषी त्याच लाइनवर. मग त्या लाइनवरची उपकरणं एकेक बंद करून शोधा.

वेळही खूप सांगते. रोज सकाळी टाकी भरताना तुटतं, तर पाण्याची मोटर. संध्याकाळी दिवे लागल्यावर तुटतं, तर एलईडीचे ड्रायव्हर. दिवसभर ठरावीक अंतरानं तुटतं आणि जोडतं, तर फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा त्याचा स्टॅबिलायझर. दुपारी उन्हात, एसी लावल्यावर, तर इन्व्हर्टर एसी.

सापडलं की उपाय तीन. स्वस्त चार्जर किंवा बल्ब सरळ बदलून टाका. बदलता येत नाही असं उपकरण अडॅप्टरपासून दूरच्या बोर्डावर न्या, किंवा आता जो स्पाइक गार्ड आपण टाळला तोच त्या उपकरणाला लावा. त्याचा फिल्टर गोंगाट वायरीत येण्याआधी अडवतो. तिसरा, अडॅप्टरलाच पुढे सॉकेट असेल तर गोंगाट करणारं यंत्र त्यात लावा, कारण बहुतेक मॉडेलमध्ये त्या सॉकेटला फिल्टर असतो. मात्र इस्त्री, गीझर, हीटर तिथे कधीही नाही, विशेषतः मध्ये कन्व्हर्टर प्लग असेल तर.

इन्व्हर्टरची लाइन

परदेशी पुस्तिकांत हा विषय बहुधा सापडणार नाही, पण आपल्याकडे अर्धी भानगड इथेच असते. लोडशेडिंगच्या गावांत घरात दोन प्रकारच्या लाइन असतात: थेट महावितरणची आणि इन्व्हर्टरमधून फिरून आलेली. न्यूट्रल बहुधा दोन्हींना एकच असतो, फेज वेगळा. लाइट असते तेव्हा इन्व्हर्टरच्या आतला रिले दोन्ही फेज जोडून ठेवतो, त्यामुळे एक अडॅप्टर थेट लाइनवर आणि दुसरा इन्व्हर्टरच्या लाइनवर असला तरी सिग्नल रिलेतून आणि फिल्टरमधून कसाबसा पोहोचतो. लाइट जाते, रिले सुटतो, आणि वाट बंद. थेट लाइनवरचा अडॅप्टर तर तेव्हा विझलेलाच असतो.

तेव्हा दोन्ही अडॅप्टर एकाच प्रकारच्या लाइनवर हवेत. लाइट नसतानाही इंटरनेट हवं असेल तर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर. कुठलं सॉकेट कुठल्या लाइनवर आहे हे कळायला इन्व्हर्टर चालू ठेवून मेन स्विच बंद करा. जी सॉकेट जिवंत राहतात ती इन्व्हर्टरची. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर त्याच्या गोंगाटानं जोडणी ढासळते. साइन वेव्हवर सहसा टिकते. आणि राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावून निश्चिंत झालेल्यांनी लक्षात घ्यावं, त्यावर राउटर जगतो, अडॅप्टर नाही.

थ्री फेज आणि दोन मीटर

बंगल्यात थ्री फेज जोडणी असेल तर खालचा मजला एका फेजवर आणि वरचा दुसऱ्यावर असू शकतो. डीबीवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे, किंवा एक फेज गेल्यावर अर्ध्या घराचीच लाइट जाणं, ही थ्री फेजची खूण. एका फेजवरून दुसऱ्यावर सिग्नल फक्त शेजारून जाणाऱ्या वायरींमुळे थोडासा ओलांडतो. वेग पडतो, लांबच्या खोलीत पूर्ण तुटतो.

फेज बदलायचा फिरता सिलेक्टर स्विच असलेल्या घरात आणखी एक गंमत होते: काल चालणारी जोडी आज अचानक बंद, आणि लाइट मात्र व्यवस्थित. रात्री एक फेज गेला म्हणून कोणीतरी सिलेक्टर फिरवलेला असतो. तो पूर्वीच्या जागी आणला की जोडी चालू.

कायमचा उपाय म्हणजे दोन्ही खोल्यांच्या लाइन वायरमनकडून एका फेजवर घेणं. लोड तिन्ही फेजवर वाटलेला राहील ना, हे त्यानं बघायला हवं. फेज कपलर नावाचा भागही मिळतो, पण तो डीबीत बसतो, तेव्हा तेही परवानाधारक वायरमनचंच काम.

खाली आई-वडील, वर मुलगा, आणि दोघांचे मीटर वेगळे, अशा घरात सिग्नलला दोन मीटर ओलांडावे लागतात. दोन्ही मीटर एकाच फेजवर असतील तर कधी कधी चालतं. भरवसा ठेवू नका. विकत घेण्याआधी कोणाची तरी जोडी मागून आणून बघा.

वायर चांगली, तरी इंटरनेट नाही

दिवे चांगले, पिंगही चांगला, पण पानं उघडत नाहीत, किंवा घरभराचं इंटरनेट बसतं. इथे दोष विजेचा नसून जोडणीचा असतो.

मागच्या खोलीत जुना राउटर लावून वाय-फाय वाढवलं असेल तर केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये नव्हे, लॅन पोर्टमध्ये लावा आणि त्याची डीएचसीपी सेवा, म्हणजे यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम, बंद करा. ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की पुरे. नाहीतर घरात दोन राउटर पत्ते वाटत बसतात. उलट, कॉम्प्युटरला १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर राउटरचा डीएचसीपी त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. पुन्हा जोडी आणि केबल तपासा.

फेरा तर अजिबात होऊ देऊ नका. मेशचा (घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या डब्यांच्या संचाचा) दुसरा डबा वाय-फायवरून मुख्य डब्याशी जोडलेला आहे आणि त्यालाच पॉवरलाइनची केबलही लावली, की तोच डेटा दोन वाटांनी गोल फिरत राहतो. मेशला इथरनेट बॅकहॉल, म्हणजे डबे केबलनं एकमेकांशी जोडणं, जमत असेल तर ठीक. नसेल तर दोनपैकी एकच वाट ठेवा. एकाच राउटरला चुकून दोन अडॅप्टर जोडले तरी हेच होतं.

अडॅप्टर खरंच संपला असेल तर

अडॅप्टर हाताला कोमट लागणं साहजिक आहे. टीव्हीच्या मागे, बंद कपाटात, पडद्याआड मात्र तो तापतो, आणि आतले कपॅसिटर आधी थकतात. लक्षणं ओळखीची: शेजारी-शेजारी लावूनही दिवे आपोआप विझून पुन्हा लागतात, तासभर काढून थंड केल्यावर थोडा वेळ बरा चालतो, मग पुन्हा तेच. तो उघडून दुरुस्त करू नका. आत थेट २३० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ भार राहतो. दुसरा अडॅप्टर त्याच सॉकेटमध्ये चालतो आणि हा चालत नाही, एवढं दिसलं की हा बदलायचा. नवा घेताना तीच जात घ्या, शक्य तर तेच मॉडेल.

वेगळे मीटर, वेगळे फेज, किंवा वायरिंगच जीर्ण, अशा घरात फार झगडू नका. बाहेरच्या भिंतीवरून कॅट ६ ची आउटडोअर केबल खिडकीतून खिडकीत नेता येते. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर आहे, घराला भरपूर झाली. आतून नेणार असाल तर विजेच्या वायरीच्या पाइपातून ती ओढू नका, तिला वेगळी केसिंग पट्टी द्या.